निपाणीच्या बाजारपेठेला बोलते करणाऱ्या शालिनीअक्का

शालिनीअक्कांशी माझी ओळख झाली ती माझ्या वडिलांमुळे. निपाणीतले सायकलचे दुकान बंद करून अण्णा आमच्याकडे बेंगळुरूत एचएसआर लेआउटला राहायला आले आणि गप्पच झाले. दिवसभर बाल्कनीत बसून असत. एका संध्याकाळी त्यांना अक्कांचा फोन आला. अक्का मूळच्या निपाणीच्या. बेंगळुरूच्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. आपल्या गावच्या दुकानांचा, धंद्यांचा इतिहास त्या माणसांच्या तोंडून ऐकून जमवत होत्या. त्यांनी अण्णांना विचारले, तुमच्याकडची भाड्याची सायकल सगळ्यात आधी कोण शिकायला न्यायचे? अण्णा बोलायला लागले ते जेवण गार झाले तरी थांबेनात. पुढच्याच महिन्यात बनशंकरीतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात ते माइकसमोर उभे होते आणि मी पहिल्या रांगेत बसून माझ्याच वडिलांचे दुकान पहिल्यांदा समजून घेत होतो. तेव्हापासून मी अक्कांच्या हाताखाली आहे.

दर महिन्याला एक धंदा, आणि ज्याने तो केला तोच वक्ता, हा अक्कांचा शिरस्ता. तंबाखूच्या वखारी झाल्या, छापखाने झाले. मग त्यांनी मनावर घेतले बँडवाल्यांचे.

गावात बँड दोन. दोन्ही एकाच घरातले. भावाभावांत फाटले आणि पुढची पिढी एकमेकांशी बोलेनाशी झाली. थोरल्या घरचे दत्तोबा ट्रंपेट वाजवतात, धाकट्या घरचे बाबूराव क्लॅरिनेट. तो येणार असेल तर मी येणार नाही, असे दोघांनीही स्वच्छ कळवले. मी अक्कांना सुचवले, दोघांनाही सांगूच नका; इथे आल्यावर काय करतील? अक्कांना ते मुळीच आवडले नाही.

"फसवून आणलेला माणूस खरं बोलत नाही रे," त्या म्हणाल्या. "मला इतिहास हवाय, तमाशा नको."

त्या दोघांनाही फोन करत राहिल्या. दुसऱ्यालाही बोलावले आहे हे प्रत्येक वेळी सांगून. भांडणाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. फक्त विचारत, वाद्य कुणी शिकवले? बाबूराव बरेच दिवस उत्तर टाळत राहिले. शेवटी एकदा म्हणाले, येतो, तिथेच सांगतो. मग दत्तोबाही यायला तयार झाले.

तो रविवार आठवला की आजही एका जागी बसवत नाही! इंदिरानगरपासून माणसे आली होती, सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. दत्तोबा एका टोकाला, बाबूराव दुसऱ्या टोकाला. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला. बाबूराव उठले, क्लॅरिनेट हातात घट्ट धरून.

"मला हे दत्तोबाच्या वडिलांनी, आबांनी शिकवलं," ते म्हणाले. "वाटण्या झाल्यावरसुद्धा. चोरून. मी आजवर कुठं बोललो नाही."

दत्तोबांना हे ठाऊकच नव्हते. ते सावकाश उठून व्यासपीठावर आले.

"आबांचा सूर लागतो का बघू," एवढेच म्हणाले आणि ट्रंपेट ओठाला लावला.

मग काय सांगावे! वरातीची धून सुरू झाली आणि सभागृह उभे राहिले. पहारेकरी मंजण्णा आवाज 'स्वल्प', म्हणजे जरासा, कमी करा म्हणून सांगायला आले ते दारातच ठेका धरून थांबले. कार्यक्रम संपल्यावर बाबूराव अक्कांच्या पायाशी वाकले, तेव्हा अक्कांनी त्यांना हाताला धरून दत्तोबांसमोर उभे केले आणि स्वतः खुर्च्या आवरायला गेल्या. आता गावात मोठी वरात असली की दोन्ही घरांची माणसे एकाच गणवेशात दिसतात.

अक्कांनी आम्हाला शिकवले ते हेच. गावाचा इतिहास म्हणजे गावातली माणसे, आणि त्यांना मानाने विचारले तर ती सांगतात.

अक्का, पंच्याहत्तरी पार करताना तुमचे कान असेच तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी साथ द्यावी, उत्साह कणभरही उणा होऊ नये आणि भरपूर निरोगी वर्षे तुम्हाला मिळोत. हा स्वार्थही आहे. परवा निपाणीच्या बाजारात कासाराच्या दुकानातल्या आजोबांनी मला हाक मारून थांबवले आणि तुमच्यासाठी निरोप दिला: "अक्कास्नी सांगा, आमच्याकडंबी हाय सांगण्यासारखं."