मामांनी मध्येच टाळ्या वाजवल्या

मंडळी, डोकं जाम तापलंय.

आज दुपारी आपल्या शहरातल्या एका फिल्म क्लबात मृत्यूवरचा सिनेमा होता. दौलताबादच्या मामांना मुद्दाम सोबत नेलं. मध्येच पडदा काळा झाला आणि संपला समजून मामांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमा अजून अर्धा बाकी होता!

नंतरच्या चर्चेत दिग्दर्शक सगळ्यांसमोर त्यांना म्हणाला, "काका, हे तत्त्वज्ञान आहे, टाइमपास नाही."

अहो, मामांच्या गावात कीर्तनकारही मरणावरच बोलतात, पण पोट धरून हसायला लावतात. समोरचा पेंगायला लागला की बुवा नवा किस्सा काढतात, त्याची अक्कल काढत नाहीत.

रिक्षात मामा हळूच म्हणाले, "आपल्याला नाय कळत गं असलं."

मामी जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. सांगा, मामांना मरण कळत नाही, की दिग्दर्शकाला सांगता येत नाही?