व इतर एक

नोकरीत मोठमोठे गुन्हे उघडकीस आणले, त्यांच्या बातम्याही छापून आल्या, पण आता त्यातलं निम्मंही आठवत नाही. एका चोरीच्या तक्रारीतली घडी घातलेली पानं मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येतात. त्या तपासात चोर सापडलाच नाही.

तेव्हा मी सोलापुरात पोलीस निरीक्षक होतो. शुक्रवार पेठेतला एक चाळिशीचा गृहस्थ तक्रारी अर्ज घेऊन आला. वडील वारल्यावर राहतं घर विकायचं ठरलं होतं, विसारही झाला होता आणि आयत्या वेळी कपाटातलं मूळ खरेदीखत गायब. संशय कोणावर, असं विचारल्यावर त्यानं मान खाली घातली.

"घरात आत्या हाय साहेब. वडलांची थोरली बहीण. घर इकायचं म्हटल्यापासून धड बोलत न्हाई."

"घर विकल्यावर त्या कुठे राहणार?"

"गावाकडं एक खोली बघून देतो की."

जागेचा वाद आला की आम्ही पोलीस 'दिवाणी मामला आहे' म्हणून हात झटकतो. इथे चोरीचा आरोप होता, म्हणून अर्ज ठेवून घेतला. सोबत घरपट्टीची पावती जोडलेली होती. तिच्यावर वडिलांचं नाव आणि पुढे 'व इतर १'. हे इतर एक कोण, असं मी विचारलं. "मीच असणार. एकुलता एक हाय," तो म्हणाला. मलाही पटलं. कागद वाचण्यात उभी नोकरी घालवलेल्या माणसानं तिथे थांबायला हवं होतं, पण मी थांबलो नाही.

तिसऱ्या दिवशी बीट हवालदारानं खबर आणली. आत्याबाई पासष्टी उलटली तरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जात. तिथली एक बाई त्याला म्हणाली होती, "म्हातारी जेवताना बी डब्याची पिशवी मांडीवरनं खाली ठेवत न्हाई. सोनं हाय का आत, इचारलं तर नुसती हसती."

दुपारी त्यांना बोलावलं. शेजारी महिला कॉन्स्टेबल बसवली, चहा मागवला. घाबरलेल्या माणसाला पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारायचा नाही, हा माझा नियम. मी विचारलं, टॉवेलची कड कशी दुमडतात? त्यांनी माझाच रुमाल घेऊन दुमडून दाखवली, वर "लई मळलाय" असंही ऐकवलं. मग मी पिशवीकडे बोट दाखवलं. त्यांनी डबा बाजूला काढला आणि खालचं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं खरेदीखत निमूटपणे टेबलावर ठेवलं.

"का घेतलंत?"

"ह्याच्यावर माझ्या भावाची सही हाय. दुसरीकडं कुटंच ऱ्हायली न्हाई. घर इकलं की ह्यो कागद बी घेणारा घेऊन जाईल. घर पोराचं हाय, त्यानं इकावं. मला कागद तेवढा ऱ्हाऊ द्या साहेब."

मी पानं उलटली. घर विकत घेणारे म्हणून दोन नावं होती. पहिलं भावाचं, खाली त्याची सही. दुसरं आत्याबाईंचं, खाली अंगठा. हिस्सा निम्मा-निम्मा.

"हा अंगठा कोणाचा?"

"माझाच की. मालक गेले, मी माघारी आले, तवा बोरमाळ मोडून घराला पैसे दिल्ते. भाऊ म्हनला, आक्का, हितं अंगठा दे. साक्षीदार म्हनून दिला."

"साक्षीदार नाही आत्याबाई. मालक म्हणून. अर्धं घर तुमचं आहे."

त्यांनी कागद जवळ ओढून त्या अंगठ्यावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाल्या, "त्यो म्हनायचा, घर दोघांचं हाय आक्का. मला वाटायचं, मायेनं बोलतोय."

कॉन्स्टेबल रिकामे कप गोळा करून बाहेर गेली.

पुतण्याला बोलावून खरेदीखत मोठ्यानं वाचायला लावलं. दुसऱ्या नावापाशी त्याचा आवाज बसला. पहिल्या पानावर वडिलांचं नाव दिसलं की तो कागद मिटून ठेवायचा, पुढे कधी वाचलाच नव्हता. मी जरा कडकपणेच सांगितलं, की यांच्या संमतीशिवाय अख्खं घर विकता येणार नाही, आणि आपल्याच घराचा कागद आपल्या पिशवीत ठेवणं हा कुठल्याही कलमात गुन्हा नाही.

"काय रं, माझ्याच घरात मला चोर ठरवलास व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण सूर चेष्टेचा होता.

तो त्यांच्या पायाशी बसला. "चुकलं आत्या."

"ऊठ. घरी चल."

त्यानं तक्रार मागे घेतली, विसार परत केला. खरेदीखत पुन्हा कपाटात गेलं आणि कपाटाची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला.

मला मात्र त्या रात्री चैन पडेना. वडील गेल्यावर मीही ताईला निबंधक कार्यालयात नेलं होतं. बहिणीनं भावाला हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावानं साडी-चोळी करायची, ही आमच्याकडची रीत. मी वर्दीत होतो, जिथे बोट ठेवलं तिथे ताईनं सही केली. साडी मात्र चांगली घेतली होती, तेवढंच समाधान.

रविवारी मोहोळला तिच्या घरी गेलो. विचारलं, "ताई, सही करताना कागद वाचला होतास का गं?"

ती भाकरी थापत होती. "मी कशाला वाचू? तू वाचलावतास की."

वाचला होता. तिचा हक्क कायमचा संपतो, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते वाचूनच मी तिच्यापुढे बोट ठेवलं होतं. आत्याबाईंच्या भावानंही अंगठ्यासाठी बोट ठेवलं, पण बहिणीला घर देण्यासाठी. आयुष्यभर दुसऱ्यांकडून कबुलीजबाब घेतले, माझा एक त्या दिवशी चुलीपुढे दिला.

ताई नको-नको म्हणत होती, तरी बक्षीसपत्र करून तिचा हिस्सा तिच्या नावावर केला. आता आमच्या घरपट्टीवरही माझ्या नावापुढे 'व इतर १' असं छापून येतं. पावती आली की मी मोहोळला फोन लावतो आणि वाचून दाखवतो.

"इतर एक म्हंजी मीच न्हवं?" ती दरवर्षी विचारते.

"तूच ताई," मी म्हणतो, आणि पुढे तिचं पूर्ण नाव वाचतो, जे पावतीवर नसतं.