सांगून जाणारी मुलगी

आमच्या चाळीत, समोरच्या खोलीत, एक मुलगी राहायला आली. अनाथाश्रमात वाढलेली. अठरा पुरी झाली की तिथं ठेवत नाहीत, म्हणून तिथल्या बाईंनी तिला पळस्प्याच्या गोदामात काम आणि ही खोली बघून दिली. बाई मला म्हणाल्या, "काका, काम टिकलं तर खोली टिकेल. जरा लक्ष असू द्या."

मी म्हटलं, "माझंच माझ्याकडं लक्ष नाय."

मुलगी चादरीची घडी अशी घालायची की जणू कुणी तपासायला येणार हाय. आणि रोज कामाला निघताना माझ्या दारात उभी राहायची.

"आजोबा, जाऊ?"

"मला काय विचारतेस? पाय तुझे, चप्पल तुझी."

मी 'जा' म्हणेपर्यंत ती हलायची नाही. वैताग यायचा.

बायको गेल्यापासून मी कुणाला सांगून बाहेर पडत नाय. कुलूप लावायचं, चालू पडायचं. परवा सकाळी असाच बाजारात गेलो. परत आलो तर ही डबा घेऊन माझ्या कुलपासमोर उभी. गोदामाची गाडी केव्हाच गेलेली.

"अक्कल हाय का? काम गेलं तर राहशील कुठं?"

"सांगायला कुणी नव्हतं," ती म्हणाली. "न सांगता गेलं तर कुणी वाट बघत नाही, आजोबा."

बायकोच्या मागं माझी कुणी वाट बघितली नव्हती, आणि ही बघत उभी होती. नाक्यावर नेऊन तिला रिक्षात बसवलं.

म्हटलं, "जा आता. संध्याकाळी ये. मी हाय घरी."