मामाचा जुना डोळा

आमचा मामा कापडाच्या गिरणीत रंग जुळवतो. गिऱ्हाइकाचा नमुना आणि रंगवून आलेला तागा शेजारी धरायचा, डोळे बारीक करायचे आणि ‘चालेल’ किंवा ‘पुन्हा’ म्हणायचं, एवढंच काम. तीस वर्षं त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्वभावही दगडाचाच.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि मामाची झोप उडाली. एकच निळा तागा उजव्याला वेगळा दिसे, डाव्याला वेगळा. डाव्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता. मामाने आपल्या परीने तोड काढली: कामावर उजवा डोळा मिटून घ्यायचा. त्यात भिंग बसवलेलं, त्याचा काय भरवसा! डावा तीस वर्षांचा सोबती.

पण खरी भीती निराळी होती. गिरणीत रंगाचं वजन करणाऱ्या बाई दोन वर्षं प्रत्येक निळ्या ताग्याला म्हणायच्या, नमुन्यात आणि यात फरक आहे. मामा म्हणायचा, नाही. रंग जुळत नाही म्हणून गिऱ्हाइकांकडून लॉट परत आले तेव्हा मामाने बाईंच्या मापावर खापर फोडलं आणि बाईंची बदली घड्या घालायला झाली. आता नवा डोळा खरा निघाला तर?

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गच्चीवर माझी दुर्बीण आहे. एका संध्याकाळी अंधार पडल्या पडल्या मामा जिना चढून आला. त्याला पंच हवा होता, पण माणूस नको.

मी हंस तारकासमूहाच्या चोचीतला तारा लावला. नुसत्या डोळ्यांना एक, दुर्बिणीत दोन. रंग मुद्दामच सांगितले नाहीत. मामाने डावा डोळा लावला: एक पिवळा, दुसरा मळकट पांढरा. मग उजवा लावला. दुसरा निळा दिसतोय, म्हणाला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा, असं दहा वेळा. मला वाटलं, आता मान लचकणार.

निळा तारा जास्त गरम, असं मी सांगितलं. ते काही त्याला पटेना. आमच्याकडे निळा थंड, हा त्याचा हेका. मी म्हटलं, लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं; त्याच्याही पुढे निळसर, पण तोवर लोखंड शिल्लक राहत नाही. ताऱ्याला ती अडचण नाही.

मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. पिवळ्याशेजारी पांढराही निळा भासतो, एकटा दाखव, म्हणाला. मी दुर्बीण जराशी सरकवली, पिवळा बाहेर गेला. उजव्या डोळ्याला निळा फिका झाला, पण राहिला. डाव्याला होता तसाच मळकट.

म्हणजे थोडा निळा शेजाऱ्याकडून उसना? मामाने विचारलं. थोडा, मी म्हटलं. मग हे दोघे एकमेकांचे कोण? एकमेकांभोवती फिरतात की नुसते एका रेषेत दिसतात, हे अजून नक्की नाही, असं सांगितल्यावर तो वैतागला. तुमचंही काही नक्की नसतं, म्हणाला, आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसला.

तिथूनच त्याने विचारलं, “डोळा न लावता रंग कळतो का?”

कळतो. ताऱ्याचा प्रकाश फाकवून कुठला रंग किती ते यंत्र मोजतं, त्यावरून तापमान काढतात. पिवळा चार हजार अंशांच्या आसपास, दुसरा बारा हजारांच्या वर.

“मग तो दुसरा काय ठरला?”

“निळा, मामा.”

मला त्याची दया आली आणि रागही आला. बाईंची बदली झाली तेव्हा, एकदा विचार कर, असं मीच त्याला म्हटलं होतं.

पुढचं मला बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आधी गिरणीच्या साहेबांकडे जाऊन आला, मग घड्यांच्या खात्यात येऊन उभा राहिला. दोन्ही डोळे उघडे.

“बाई, फरक होता.”

बाईंनी हातातली घडी पुरी केली. “कुठल्या लॉटमध्ये?”

“सगळ्याच.”