थरथरीची पट्टी

माझं काम काय ते सांगायला गेलं की लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात. कॉम्प्युटरमध्ये एखाद्या माणसाचं थ्रीडी मॉडेल चालतं, वाकतं, हसतं. त्याचे रंग, सावल्या काढून टाकायच्या आणि नुसत्या रेघा ठेवायच्या, म्हणजे पेन्सिलने काढलेलं चित्रच हलतंय असं वाटतं. एवढंच काम. पण रेघ फार नीटस आली की ती मेल्यासारखी दिसते.

त्या वर्षी एका म्हाताऱ्या शिंप्याची छोटी फिल्म होती. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, मी त्याच्या बोटांशी झटत बसले होते. मागून बाबा आले. त्यांचा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला. हात थरथरायला लागल्यापासून मात्र त्यांनी पेन्सिल सोडली होती आणि उजवा हात कायम झब्ब्याच्या खिशात असायचा. आदल्या दसऱ्याला पाटीवरची एकाच्या आकड्यांची सरस्वतीसुद्धा त्यांनी मला काढायला लावली. कारण काय, तर चष्म्याचा नंबर वाढलाय. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

"ही पट्टी कसली?" मी स्क्रीनवर मागेपुढे सरकवत होते त्या पट्टीकडे बघत त्यांनी विचारलं.

"थरथरीची. वाढवली की रेघ हाताने काढल्यासारखी दिसते," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

बाबांनी चष्मा वर सरकवून पट्टी नीट पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्यात थरथरायचा पगार मिळतो. आम्ही इथे फुकट थरथरतोय."

हसावं की रडावं कळेना. "मग द्या ना तुमची," मी म्हणाले. "मशीनची थरथर दर फ्रेमला, म्हणजे सेकंदात कितीतरी वेळा, बदलते. शिंप्याच्या अंगावर मुंग्या फिरताहेत असं वाटतं."

"बघू," म्हणून ते आत गेले. त्यांचं 'बघू' म्हणजे बहुधा नाहीच. मीही पुन्हा विषय काढला नाही.

दसऱ्याला पाटावर पाटी मांडली, शेजारी लॅपटॉप. त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पाटीवरची पेन्सिल उचलली.

"आण इकडे," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी तुझ्या सरस्वतीला लकवा मारला होता."

हात खिशातून बाहेर आला. ते एकामागून एक आकडे काढत गेले. रेघा थरथरत होत्या, कुठे पेन्सिल निसटत होती. मी बघतेय हे त्यांना कळत होतं, तरी हात परत खिशात गेला नाही. सरस्वती पूर्ण झाल्यावर त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली.

"काढ फोटो. घाल तुझ्या शिंप्याच्या अंगात."

मी मोबाइल धरला. डोळे भरून आले होते, धड दिसत नव्हतं. फोटो काढून त्यांना दाखवला.

बाबांनी तो लांब धरून पाहिला. "हललाय," ते म्हणाले. "आता कोणाचा हात थरथरला?"