क्लच माझ्या हातात

अर्धांगाच्या हलक्या झटक्यानंतर बाबांचं बोलणं सावरलं, पाय सावरला. डाव्या हाताची मूठ तेवढी मागं राहिली. मोटारसायकलचा क्लच नेमका त्याच हातात असतो.

डॉक्टरांनी बाबांच्या समोरच मला बजावलं, "इन्हें गाड़ी मत देना." माणूस समोर बसलाय, ऐकतोय, आणि सूचना मला! पुण्याहून दादानं फोनवर निकाल लावून टाकला. आखाजीचा सण झाला की गाडी शेजारच्यांना द्यायची. ज्या गाडीवर बाबांनी कागद गिरणीतल्या सगळ्या पाळ्या केल्या, तिच्याबद्दल बाबांना कुणी विचारलं नाही. मी रस्ते, पाणी, रेशन यांवर पत्रकं लिहिते आणि चौकात वाटते. न विचारता घेतलेला निर्णय मला बाहेर चालत नाही, मग घरात कसा चालेल? मी दादाशी कडाकडा भांडले. बाबा मात्र एवढंच म्हणाले की, देण्याआधी मला चार दिवस केळीच्या रस्त्यांनी फिरवून आण. त्यांना रस्ते बघायचे नव्हते, हात बघायचा होता. आपला हात पुन्हा गाडी धरेल की नाही, हे त्यांना स्वतःला कळायला हवं होतं.

आईनं दशम्या आणि तिखट चटणी बांधून दिली, आणि अट घातली की पत्रकांचा गठ्ठा घरी राहील. उजाडताना आम्ही राजपुऱ्यातून निघालो. राजघाटावर तापी आटून खडकांमधून वाहत होती. बाबांनी खाली उतरून तोंडावर पाणी मारलं, माझ्या ओढणीवरही शिंपडलं आणि माझ्या मागं बसले.

शाहपूरच्या अलीकडं चहाच्या टपरीवर एकानं विचारलंच, "काय काका, पोरीच्या मागं बसले?"

"मंग काय टाकीवर बसू?" बाबा म्हणाले, आणि सगळी टपरी हसली. मी त्याला सुनावायला तोंड उघडलं होतं, ते चहा पिण्यातच गेलं.

शाहपूर मागं पडल्यावर मी मोठा रस्ता सोडला. आतले रस्ते खड्ड्यांचे. खड्ड्यावर मी ठेकेदाराला शिवी घातली की मागून बाबा म्हणायचे, आधी हँडल सांभाळ, मोर्चा नंतर काढ. पण दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या आणि मी ठेकेदाराला विसरले. डांबरावरून गरम वाफ तोंडावर येते, आणि पाटाचं पाणी सोडलेल्या केळीच्या बागेजवळून जाताना एकदम ओला गारवा अंगावर येतो. मग पुन्हा वाफ, पुन्हा गारवा. पश्चिमेच्या बांधांवर जुन्या साड्या ताणून बांधलेल्या, झळांनी पानं फाटू नयेत म्हणून. लाल, जांभळ्या, फुलांच्या साड्या फडफडत होत्या. सातपुडा लांब, फिकट निळा. हे सगळं माझ्या जिल्ह्यात आहे, आणि मी इतकी वर्षं इथं फक्त तक्रारी गोळा करायला आले होते.

मुक्काम बाबांच्या गिरणीतल्या जोडीदाराकडं. तो आता वडिलांची केळी बघतो. दुपारी बागेत सतरंजी टाकून आम्ही तिघं आडवे झालो. बाबांनी हात दाखवला. मूठ वळत होती, दाबत नव्हती. जोडीदारानं आपली दोन बोटं त्यात देऊन बघितली आणि काही दिलासा वगैरे दिला नाही.

त्यानं गिरणीतली गोष्ट काढली. मशीनवर एवढा आवाज की ओरडून उपयोग नाही. कागदाचा रोल बदलताना दोघं दोन टोकांना, आणि एकाचं काम दुसऱ्याच्या हाताशी बांधलेलं. आधी ठरवून घ्यायचं, कोण सांगणार आणि कोण करणार. करणाऱ्यानं डोकं चालवायचं नाही. सांगितलं की करायचं.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पोरी, क्लच तू घे. हँडल याला दे."

"ती ऐकणारी नाय भो," बाबा म्हणाले. "तिला आधी कारण लागतं."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर शेतातल्या बैलगाड्यांच्या गाडरस्त्यावर आम्ही ते करून बघितलं. बाबा पुढं, मी मागं. त्यांच्या काखेखालून डावा हात काढून मी क्लच धरला. हनुवटी त्यांच्या खांद्यावर. रस्ता मला दिसत नव्हता, फक्त त्यांच्या सदऱ्याची कॉलर आणि घामाचा वास. "धर," ते म्हणायचे, मी दाबायची, त्यांच्या पायानं गिअर पडायचा, "सोड." पहिल्यांदा मी विचार करून सोडला आणि गाडी बंद पडली. जोडीदार बांधावर बसून हसत होता. नंतर मी विचार करणं सोडलं. धर, सोड, धर, सोड. गाडी धावायला लागली. बाबा काहीतरी गुणगुणत होते, आणि ते मला कानानं नाही, छातीनं ऐकू येत होतं. इतकं मुकाट कुणाचं ऐकल्याचं मला आठवत नाही. आणि इतकं बरं वाटल्याचंही.

परतीला त्यांनी रिकाम्या रस्त्यावर पुन्हा हँडल मागितलं. एका वळणावर बकऱ्यांचा कळप आडवा आला. बाबांनी "धर" म्हटलंच नाही. माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून ते स्वतः दाबायला गेले. जोर आलाच नाही. ब्रेक लागला, गाडी गचका खाऊन बंद पडली. बकऱ्या आमच्या दोन्ही बाजूंनी आरामात निघून गेल्या. बाबा हँडल धरून बसून राहिले. मला पत्रक भरेल इतकं बोलता आलं असतं.

"नाय जमत," ते शेवटी म्हणाले. "आता मला माहीत झालं."

मी पुढं आले, ते मागं बसले, आणि खिशातून फोन काढून तिथंच दादाला लावला. गाडी देणार नाही, शेजारच्यांना मी सांगतो, म्हणाले. दादा बराच वेळ बोलत असावा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला नाय चालवता येणार, ते मी बघून आलो," ते म्हणाले. "पण गाडी कुणाला द्यायची ते मी ठरवीन. ही पोरीची झाली."

मी मागं वळून बघितलं नाही. किक मारली.

"पहिल्या गिअरवर उचल," बाबा म्हणाले. "चढ आहे."