मास्तरांनी ओतून दिलेलं पाणी

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण दवाखान्याचं नाव काढलं की या माणसाला हमखास दुसरं काम आठवायचं. पोटात कळ आली की टेबलाची कड घट्ट धरायचे आणि म्हणायचे, "काही नाही, गॅस आहे." शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना अक्षरशः ओढत नेलं. वरून दुर्बीण झाली, खालून झाली. दुर्बीण पोचत नाही असं लहान आतडं मधे उरलं. ते सीटी स्कॅनवर बघायचं ठरलं.

त्यासाठी आधी गोडसर, बुळबुळीत पाण्याची भलीमोठी बाटली संपवायची होती. आतडं फुगलं तरच आतलं दिसतं. काकू पैसे भरायला खिडकीशी गेल्या आणि मास्तरांनी निम्मीअधिक बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

"सगळं प्यायलात ना, काका?" स्कॅन काढणाऱ्या मुलीनं विचारलं.

"अगदी शेवटच्या थेंबापर्यंत!" मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतडं नीट फुगलेलं नाही. पण दिसतंय तेवढ्यात वावगं काही नाही." काकूंनी फक्त दुसरं वाक्य ऐकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. बहिणीला फोन, जावेला फोन, शेजारणीला खिडकीतून हाक! मास्तर शिलाई मशीनवर बसून ते सगळं ऐकत होते आणि त्यांनी चांगल्या शर्टाला बाही उलटी लावली. बायकोला दिलेला हा खोटा आनंद त्यांना पोटातल्या कळेपेक्षा जास्त बोचत होता.

जेवताना त्यांनी सांगून टाकलं. "अगं, ते पाणी मी ओतून दिलं. चवच घाण होती."

काकूंनी अशी खरडपट्टी काढली की घराला लागूनच असलेल्या दुकानाच्या दारातलं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. पुढच्या खेपेला त्या मास्तरांसमोर खुर्ची टाकून बसल्या आणि बाटली संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

या वेळी दिसलं. आतड्याच्या भिंतीत वाटाण्याएवढी गाठ होती. "अशी गाठ क्वचितच होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हळू वाढते. पसरलेली दिसत नाही, ऑपरेशननं काढता येईल. पण आता टाळाटाळ नको."

मास्तर काकूंकडे वळले. "चवीचं काही नव्हतं गं," ते हळूच म्हणाले. "असलंच काहीतरी दिसेल म्हणून भ्यालो होतो."

"ते काय मला कळलं नाही होय?" काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला. "मग मला सांगायचं की! मी काय परकी आहे? मलाही भीती वाटतेच आहे. आता दोघं मिळून भिऊ."